अकरा सेकंदांचा आवाज

दोघी बहिणींमध्ये अंतर चौदा महिन्यांचं. एवढ्याशा अंतरासाठी कुणी कुणाला ताई म्हणावं का, या प्रश्नावरचं धाकटीचं मत वयाच्या चौथ्या वर्षी ठरलं, आणि ती पंचेचाळीसची झाली तरी तसूभर हललं नव्हतं. आईनं समजावून पाहिलं, बाबांनी डोळे वटारले, मावशीनं चॉकलेटचं आमिष दाखवलं. धाकटीनं चॉकलेट खाल्लं, हात फ्रॉकला पुसले आणि थोरलीला हाक मारली, "ए ढापणे!" थोरलीला बालवाडीतच जाड भिंगांचा चष्मा लागला होता, त्यामुळे नाव शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

थोरली पुढे चष्म्याच्याच धंद्यात पडली. तिचं दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमा, मागे पडद्याआड डोळे तपासायची जागा. ती जागा इतकी तोकडी, की उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगून समोरच्या आरशात वाचायला लावावा लागे. दिवसभर ती एकच वाक्य बोले. काच बदलायची आणि विचारायचं, "ही बरी की ही?" पुन्हा बदलायची. "ही की ही?" झोपेतही ती हेच विचारते, असं तिचा नवरा सांगायचा, आपण मुकाट्यानं "दुसरी" म्हटलं की ती कूस बदलते, असंही सांगायचा.

लहानपणी दोघींत मिळून एक कॅसेट होती. तिच्यातल्या चौथ्या गाण्यात मध्यावर सगळी वाद्यं एकदम गप्प होतात आणि एकटी गिटार वाजते. अकरा सेकंद. मग धाडकन ड्रम येतात आणि पुन्हा सगळा गोंधळ सुरू होतो. पण त्या अकरा सेकंदांसाठी दोघींनी ती कॅसेट इतक्या वेळा मागे फिरवली होती, की यंत्राचं बटण तुटलं आणि पुढे पेन्सिल घालून फिरवावी लागली. पलंगावर उभं राहायचं, गिटार सुरू होताच डोळे मिटायचे आणि अकराव्या सेकंदाला खाली उडी मारायची, हा खेळ. खालच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले ते कशामुळे, हे त्या दोघींनी आईला कधी सांगितलं नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी थोरलीनं इलेक्ट्रिक गिटार घेतली. लोक म्हणाले, हे काय खूळ. तीन वर्षं ती रोज दुकान बंद केल्यावर अर्धा तास घासत राहिली आणि एक दिवस ते अकरा सेकंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत न चुकता वाजले. तिनं त्याच क्षणी परदेशातल्या धाकटीला फोन लावला, फोन उशीला टेकवून ठेवला आणि वाजवून दाखवलं.

धाकटी दंतवैद्य. समोरच्याच्या तोंडात काय कमी आहे ते सांगायची तिला सवय. ती म्हणाली, "सूर बरोबर आहेत गं. एकूण एक बरोबर. पण आवाज?"

"आवाजाला काय झालं?"

"माशी बाटलीत अडकलीय असं वाटतंय."

"फोनवर तसंच ऐकू येतं."

"नाचता येईना अंगण वाकडं! कॅसेट पण मी फोनवर ऐकलीय, ती माशीसारखी नाही वाटत. कॅसेटमधला आवाज कसा... कसा सांगू... कुणीतरी रडता रडता हसल्यासारखा आहे. तो काढून दाखव."

"काढला तर?"

धाकटी उत्साहाच्या भरात होती. तीन आठवड्यांनी, रविवारी, ती आठ दिवसांसाठी यायची होती, अकरा वर्षांनी. ती म्हणाली, "तुझ्यात आणि कॅसेटमध्ये गल्लत झाली माझी, तर तुला ताई म्हणेन."

"किती वेळा?"

"जन्मभर!" असं म्हणून धाकटी स्वतःच दचकली. पण शब्द गेला तो गेला. थोरलीनं तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आणि भोवती तीन गोल काढले.

तिथून घरात जे वेड शिरलं ते शिरलंच. इंटरनेटवर त्या अकरा सेकंदांवर जगभरातली माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली सापडली. एक म्हणे गेन आठ, ट्रेबल सात, मिड दोन. दुसरा म्हणे मिड दोन ठेवणारा बहिरा आहे. तिसऱ्यानं या दोघांनाही मूर्ख ठरवून स्वतःचे आकडे दिले होते, ते दशांश चिन्हासकट. थोरली रोज एकाचं ऐके. गेन म्हणजे आवाज किती फाटायचा ते, ट्रेबल म्हणजे धार, बेस म्हणजे पोट, मिड म्हणजे मधला सगळा ऐवज, एवढं तिला कळत होतं. पण आठ लावले तर माशी चिडे, तीन लावले तर माशी पेंगे. माशी काही जाईना.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला सोल्डरिंग येत असल्यामुळे घरातली गिटारची सगळी पेडलं त्यानंच जोडली होती: आवाज फाडणारं एक, आणि पायानं पुढेमागे केलं की गिटार "वाँ-वाँ" बोलते ते एक. त्याचं ठाम मत पडलं की दोष अ‍ॅम्पचा आहे. "एवढा मोठा आवाज काढायचा तर यंत्र मोठं पाहिजे. छोट्या मोटरनं आठ माणसं वर जातात का?" ज्या नाट्यगृहाची लिफ्ट त्याच्याकडे होती तिथल्या रखवालदाराशी त्याची दोस्ती होती. तिथून त्यानं एक पडून असलेला अ‍ॅम्प महिनाभरासाठी आणला. फ्रिजएवढा. तो तिसऱ्या मजल्यावर चढवताना चार माणसं लागली, कारण त्या दिवशी नेमकी इमारतीतली लिफ्ट बंद होती आणि ती दुरुस्त करणारा माणूस अ‍ॅम्पच्या खालच्या बाजूला होता.

थोरलीनं वायर जोडली, गेन आठवर नेला आणि पहिली तार छेडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. स्वयंपाकघरात मांडणीवरचे कप रांगेनं एक बोट पुढे सरकले.

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "तीच माशी आहे. आता घोड्याएवढी झालीय, इतकंच."

दोन आठवडे असे गेले. थोरली दुकानातही ती धून गुणगुणत राही. फ्रेमा पुसताना, पावतीवर नाव लिहिताना, काच बदलताना.

त्या सोमवारी एक म्हातारे गृहस्थ आले. उंच, किडकिडीत, गालफडं बसलेली, मिशा मात्र भरघोस. आपला चष्मा कुठेतरी बसण्याखाली गेला, असं त्यांनी सांगितलं. "बसण्याखाली म्हणजे, माझ्याच," असा खुलासाही केला. थोरलीनं त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवली आणि आरशात बघायला सांगितलं.

"ही बरी की ही?"

"पहिली."

"ही की ही?" आणि काच शोधता शोधता ती गुणगुणू लागली.

"घाई करताय," म्हातारे म्हणाले.

"माफ करा काका. सावकाश सांगा, काही गडबड नाही."

"काचेचं नाही हो. तो दुसरा सूर. तो ओढून धरायचा आणि सोडायला उशीर करायचा. तुम्ही लगेच सोडता. तो पोरगा नाही सोडायचा."

थोरलीचा हात हवेतच राहिला. "कुठला पोरगा?"

"वाजवणारा. मी काचेच्या अलीकडे बसलो होतो ना."

"कुठल्या काचेच्या?"

"रेकॉर्डिंगच्या खोलीत काच असते. पलीकडे ती पोरं, अलीकडे मी. ते गाणं मीच रेकॉर्ड केलंय, डॉक्टरीणबाई. कॅसेटवर नाव आहे माझं. फार बारीक छापलंय, पण आहे."

थोरलीच्या हातातली काच निसटली आणि घरंगळत खुर्चीखाली गेली. ती गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली शिरली, काच सापडली, पण तिथूनच, म्हाताऱ्यांच्या बुटांशी बोलल्यासारखी ती ओरडली, "काका, गेन किती होता?"

"काय माहीत."

ती बाहेर आली. केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर. "माहीत नाही म्हणजे?"

"मला नॉबवरचे आकडे दिसायचेच नाहीत. तेव्हाही नंबर होता मला, पण चष्मा खिशात ठेवायचो. त्या बँडमध्ये गाणारी मुलगी फार देखणी होती. तिच्यासमोर जाड भिंगं लावून कोण बसणार!"

"मग पुढे?"

"पुढे काय, लग्न झालं आमचं. लग्नानंतर चष्मा लावला. तोपर्यंत उशीर झाला होता, असं ती म्हणते. मी नाही म्हणत." आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

"पण आकडे न बघता तुम्ही लावायचात कसं?"

"कानानं. फिरवायचं आणि ऐकायचं. हे बरं की ते बरं. आत्ता माझ्या डोळ्यांचं तुम्ही काय करताय? तेच."

थोरली ताडकन उभी राहिली. दोन आठवडे ती लोकांचे नंबर आपल्या डोळ्यांना लावून बघत होती! एखादं गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या चष्म्याचा नंबर घेऊन आलं असतं, तर तिनं त्याला दुकानातून हाकललं असतं. तिला इतकं हसू आलं की पडद्याचा आधार घ्यावा लागला. काका बिचारे चाचणीच्या फ्रेममधून, एक डोळा झाकलेला अशा अवस्थेत, तिच्याकडे बघत बसले.

बुधवारी दुकान दुपारनंतर बंद असे. थोरलीच्या आग्रहावरून काका नवा चष्मा लावून तिच्या घरी तिसऱ्या मजल्यावर आले, खोलीत शिरले आणि त्या फ्रिजएवढ्या अ‍ॅम्पसमोर थबकले.

"हे काय आहे? तुम्ही इथं कपडे धुता का?"

"अ‍ॅम्प आहे," नवरा जरा दुखावून म्हणाला.

"अहो, त्या दिवशी मोठा अ‍ॅम्प आलाच नव्हता. टेम्पोवाला भलत्याच पत्त्यावर गेला. मग त्या पोरानं घरून सराव करायचा डबा आणला. एवढासा!" काकांनी हातांनी माप दाखवलं. "खुर्चीवर ठेवला आणि वाजवला."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं सासूबाईंच्या मनीप्लांटची कुंडी होती आणि कुंडीच्या खाली, पहिल्या वर्षी गिटारीबरोबर आलेला, बुटांच्या खोक्याएवढा अ‍ॅम्प होता. "हा कशाला लागतो आता," असं म्हणून तिनंच तो तिथं ठेवला होता.

"काखेत कळसा," नवरा पुटपुटला.

"माझ्या झाडाला हात लावायचा नाही," सासूबाई दारातून म्हणाल्या. "त्याला ती जागा मानवलीय."

बरीच वाटाघाट झाली. शेवटी मनीप्लांटला मोठ्या अ‍ॅम्पच्या माथ्यावर बसवायचं, तिथं ऊन चांगलं येतं, या अटीवर तह झाला. छोटा अ‍ॅम्प खुर्चीवर आला. त्याच्या नॉबवरच्या पांढऱ्या खुणा कुंडीतल्या पाण्यानं कधीच धुऊन गेल्या होत्या. नुसती पाच काळी गोल बटणं उरली होती.

"झकास," काका म्हणाले. "आता आकड्यांची कटकटच नाही."

ते पलंगावर मांडी घालून बसले, नवा चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. "विचारा."

थोरलीनं पहिला सूर वाजवला. नवऱ्यानं गेनचा नॉब फिरवला. तिनं पुन्हा वाजवला. "हा बरा की हा?"

"दुसरा. आणखी कमी करा."

"कमी?" नवऱ्याला हे पटेना. "फाटलेला आवाज पाहिजे ना?"

"तेच तर. सगळे ठासून गेन भरतात. मग सगळं एकसारखं फाटतं, नुसता चिंध्यांचा ढीग. कमी ठेवा. जोरात छेडलं तर फाटेल, हळू छेडलं तर नाही. तेव्हाच ते माणसासारखं बोलतं."

गेन उतरला. पेडलाचा आवाज चढला. गिटारीवर तारांचा आवाज टिपणारा गळ्याकडचा पिकअप घेतला, टोनचा नॉब निम्म्यावर आणला. "हा की हा?" "पहिला." "हा की हा?" "दोन्ही वाईट." काकांच्या भुवया वरखाली होत होत्या. मग ते म्हणाले, "ते वाँ-वाँ करणारं लावा आणि पाय हलवू नका. मध्येच थांबवा. नाही, इतका पुढे नको. मागे. थांबा! तिथंच!"

पाय तिथंच ठेवून वाजवायचं म्हणजे कसरत होती. नवऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि चष्म्याचं एक टणक घर पेडलाच्या फटीत सरकवलं. ते तिथं असं बसलं की जणू त्याचसाठी बनवलंय.

"अजून काहीतरी राहिलं," काका डोळे मिटूनच म्हणाले. "हत्ती गेला, शेपूट राहिलं. काय बरं केलं होतं... हां! माइक मी पुढे नाही, मागे लावला होता. पुढून फार किंचाळत होता. फिरवा तो डबा. तोंड भिंतीकडे."

नवऱ्यानं अ‍ॅम्पची पाठ खोलीकडे केली. थोरलीनं श्वास घेतला, पहिला सूर छेडला, दुसरा ओढला, धरला, धरला, आणि उशिरा सोडला.

आणि तो आवाज खोलीत आला.

दुसरं काय सांगणार! कुणीतरी रडता रडता हसलं. चाळीस वर्षांपूर्वीचा पलंग, धाकटीचे मिटलेले डोळे, पेन्सिलीवर गरगरणारी कॅसेट, सगळं त्या बुटांच्या खोक्याएवढ्या डब्यातून भिंतीवर आपटून परत आलं. थोरलीच्या अंगावर असा काटा आला की पुढचे सूर आपोआप वाजले, आणि अकरावा सेकंद संपताच ती दोन्ही पायांनी जागच्या जागी उडाली. नवरा हातातल्या पेचकसासकट गोल फिरला. काकांनी पलंगावर उड्या मारल्या नाहीत, पण बसल्या बसल्या ते हलायला लागले तसे पलंगाचे पाय वाजले. "पुन्हा!" ते ओरडले. "पुन्हा वाजवा!" तिनं पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. सोळा वेळा वाजवल्यावर ती जमिनीवर आडवी पडली आणि छताकडे बघत हसत राहिली.

त्यानंतर खोलीला देवडीवरच्यासारखा पहारा बसला. थोरलीनं नॉबचे फोटो काढले, पण फोटोत पाच काळी गोल बटणं दिसत होती आणि ती काहीच सांगत नव्हती. म्हणून नवऱ्यानं कामावरची पाटी आणून खुर्चीला टांगली: "दुरुस्ती चालू आहे. बटण दाबू नये."

रविवारी सकाळी तो धाकटीला आणायला विमानतळावर गेला. थोरली अंघोळ करून आली, आणि दाराशीच थबकली.

सासूबाई फडकं घेऊन अ‍ॅम्प पुसत होत्या. पाहुणी यायची म्हणून त्यांनी घर लखलखीत करायला घेतलं होतं, आणि प्रत्येक नॉब दोन बोटांत धरून, फिरवून फिरवून, त्या मनापासून चकाकवत होत्या. चष्म्याचं घर उचलून त्यांनी टेबलावर जागच्या जागी ठेवलं होतं.

"आई! पाटी नाही का वाचलीत?"

"कुठली पाटी? माझा वाचायचा चष्मा कालपासून सापडत नाहीये." चष्मेवालीच्या सासूनं हे बोलावं म्हणजे कमालच, पण थोरलीला आत्ता ते सुचलं नाही. ती मटकन पलंगावर बसली. धाकटीचं विमान उतरलं होतं. चाळीस मिनिटं. तिनं काकांना फोन केला. वाजून वाजून थांबला. पुन्हा केला. पुन्हा थांबला.

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग एकदम पदर खोचून म्हणाल्या, "ऊठ. वाजव."

"आता काय वाजवू? सगळं गेलं."

"तू वाजव गं. तीन वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी. माझ्याइतकं ऐकलंय का कुणी?"

थोरलीनं नाइलाजानं गिटार गळ्यात घातली आणि पहिला सूर छेडला.

"छे! हा ओरडतोय. त्या बुधवारी तो ओरडत नव्हता, बोलत होता." थोरलीनं गेन उतरवला. "हं. आता नाक बघ. बुधवारी त्याचं नाक चोंदलं होतं, आता मोकळं आहे."

"नाक?"

"सर्दी झालेल्या माणसासारखा यायला हवा. नाकातून."

थोरलीनं आ वासला. ते वाँ-पेडल! तिनं चष्म्याचं घर फटीत सरकवलं. "असा की असा?"

"आणखी चोंदव. आणखी. बास! आता खूप झालं, जीव गुदमरेल त्याचा. थोडं मागे. हां, आता पोट दे त्याला थोडं, उपाशी वाटतोय."

थोरलीनं बेस वाढवला. "असा की असा?"

"पहिला. आणि दात फार चमकतायत."

ट्रेबल खाली आला. थोरलीला आता हसू आवरेना, सासूबाईंनाही. दोघी एकमेकींना गप्प बसवत, डोळे पुसत, नॉब फिरवत राहिल्या. नवव्या मिनिटाला तो आवाज आला. बुधवारचाच, आणि थोरलीला तर वाटलं, बुधवारपेक्षा केसभर जास्तच चांगला. सासूबाईंनी मान डोलावली. "हाच. ओळखीचा आहे माझ्या." आणि त्या निवांतपणे पुढच्या खोलीतली धूळ पुसायला निघून गेल्या.

धाकटी आली ती वादळासारखी. मिठ्या झाल्या, थोडी रडारड झाली, "किती जाड झालीस", "तूच झालीस" झालं. मग चहाचा कप हातात घेऊन ती म्हणाली, "चल ढापणे, आधी निकाल लागू दे."

तिला स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसवलं. नवऱ्यानं तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, कारण तिचा कुणावरच विश्वास नव्हता आणि तिच्यावर कुणाचा नव्हता. कॅसेटला खरखर असते, तिच्यावरून ती ओळखेल, म्हणून नवऱ्यानं थोरलीच्या वाजवण्यामागेही एका कोऱ्या कॅसेटची खरखर लावायची शक्कल काढली होती. दार लोटलं. क्रम नाणं उडवून ठरला.

पहिल्यांदा थोरलीनं वाजवलं. दुसऱ्यांदा कॅसेट. तिसऱ्यांदा पुन्हा थोरली. तिसऱ्या वेळी ओढलेला सूर धरून ठेवणं सोपंच गेलं; सोडायची हिंमत होईना.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि डोळ्यांवरचा टॉवेल कपाळावर घेतलेली धाकटी दारात उभी राहिली. रागानं लाल.

"तुम्ही मला फसवताय. तिन्ही वेळा कॅसेटच लावलीत!"

थोरलीच्या घशातून एक चीत्कार निघाला. "काय म्हणालीस?"

"तिन्ही वेळा कॅसेट. मी काय दुधखुळी आहे?"

"पुन्हा म्हण!"

"कॅसेट, कॅसेट, कॅसेट! हसतेस काय? अगं हसतेस काय अशी?"

थोरलीनं हातानंच बहिणीला पलंगावर बसायची खूण केली, कॅसेटचं यंत्र भिंतीतून उपसून नवऱ्याच्या हातात दिलं आणि तिच्यापासून दोन हातांवर उभं राहून वाजवलं. धाकटी आधी बोटांकडे बघत होती. मग अ‍ॅम्पकडे. मग पुन्हा बोटांकडे. सातव्या-आठव्या सेकंदाला तिचं तोंड उघडलं, दाढांपर्यंत, एखाद्या पेशंटसारखं. अकराव्या सेकंदाला ती उठून थोरलीला मारायला धावली, खरंच मारलं, दोन्ही हातांनी, खांद्यावर, पाठीवर, आणि मारता मारताच गळ्यात पडली. मधे गिटार होती, ती दोघींच्या पोटात रुतली आणि मोठ्यानं किंचाळली.

"बोल आता," नवरा म्हणाला.

"थांबा हो जरा. माणसाला तयारी लागते." धाकटीनं नाक पुसलं. ताठ उभी राहिली. "त..." म्हणाली आणि फस्सकन हसली. पुन्हा गंभीर झाली. "ता..." पुन्हा तेच. सासूबाईंनी तिला पाण्याचा पेला दिला. ती घटाघट प्यायली, डोळे गच्च मिटले आणि एका दमात म्हणाली, "ताई."

थोरलीला वाटलं होतं, आपण हे ऐकून नाचू. पण ती खुर्चीच्या हातावर टेकली आणि चष्मा काढून पुसू लागली, तो स्वच्छ होता तरी.

"झालं? मिळालं समाधान?" धाकटी म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी चमकलं. तिनं चपला भिरकावल्या आणि पलंगावर ऐसपैस पसरली. "ताई, माझी बॅग वर आण ना गं. खालीच राहिलीय."

थोरली गेली आणि बॅग घेऊन आली.

"ताई, मला खिडकीकडची बाजू हवी."

तिनं अंथरूण बदललं.

"ताई, आणखी चहा. ताई, तुझा तो निळा स्वेटर मला दे, लहानपणी तू दिला नव्हतास तसला. ताई, लहान बहिणीची उशी अशी पातळ असते का कुठे?"

जेवायची वेळ होईपर्यंत तिनं सदतीस वेळा ताई म्हटलं होतं; नवरा मोजत होता. सदतिसाव्या वेळी थोरली जिन्यावर होती, धाकटीच्या फोनचा चार्जर शेजाऱ्यांकडून मागून आणत होती. वर तिच्या खोलीत धाकटी गिटार घेऊन बसली होती आणि सासूबाई तिला दरडावून सांगत होत्या की नाक अजून मोकळं आहे. थोरली धापा टाकत, चार्जर हातात घट्ट धरून, दोन दोन पायऱ्या एका वेळी चढत होती. वरून अडतिसावी हाक आली.

"आले गं, आले!" ती ओरडली.